उताराआधीचा कागद

आमच्या इमारतीत माझा धुण्याचा दिवस म्हणजे महिन्यातला दुसरा आणि चौथा मंगळवार. सोमवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या त्सुरफ्ल्यू बाई तळघराची किल्ली माझ्या दाराला अडकवून जातात आणि बुधवारी सकाळी सातच्या आत ती मी खालच्या मजल्यावर पोचवायची. मधल्या काळात दुसऱ्या कुणी यंत्राला हात लावला, तर बर्नमध्ये त्यावरून चिठ्ठ्याचपाट्या सुरू होतात, वर्ष वर्ष माणसं जिन्यात एकमेकांशी बोलत नाहीत. सांगायचं एवढंच की त्या दिवशी तळघरात माझ्याशिवाय कुणी येणार नव्हतं. मी सायकलीच्या जर्स्या उलट्या करत होते. माझ्या नवऱ्याची, एर्विनची, पांढरी, दोन निळ्या पट्ट्यांची जर्सी उलटी केली आणि आतून छातीच्या जागी मला करडा डाग दिसला. डाग म्हणजे अक्षरं. उलटी उमटलेली. तळघरात बेसिनच्या वर एक फुटका आरसा आहे, त्याच्यासमोर जर्सी धरली तर त्यात गायीचा मागचा भाग दिसला, आणि खाली, गोम्स खोऱ्यात रविवारी गुरांचं प्रदर्शन. मी तशीच उभी राहिले. यंत्रात पाणी भरत होतं. दोनच दिवसांपूर्वी, रविवारी, एर्विन गायनमंडळातल्या तिघा पुरुषांबरोबर मुर्टनच्या तळ्याला प्रदक्षिणा घालून आला होता. तिथे कुठे चढ नाही की उतार नाही, नुसतं सपाट. मासा खाल्ला म्हणाला होता. माशात काटे फार होते, असंही म्हणाला होता.

आता यात एवढं काय, असं कुणी म्हणेल. सायकलवाल्यांना विचारा. घाट चढून गेल्यावर अंग घामानं निथळत असतं, आणि तसंच उताराला लागलं की वारा छातीत सुरीसारखा घुसतो. म्हणून वर पोचल्यावर जर्सीच्या आत, छातीवर, वर्तमानपत्र सरकवायचं. आता कसकशी झिरझिरीत जाकिटं मिळतात, पण आमची पिढी अजून कागदच लावते. म्हणजे कागदाचा डाग याचा अर्थ घाट. गोम्स म्हणजे ग्रिम्झेलच्या घाटापलीकडचं खोरं, आणि गोम्सचा कागद याचा अर्थ तो घाट, कारण गोम्सच्या गायींची जाहिरात बर्नमध्ये कोण छापणार! म्हणजे मुर्टन खोटं, ते तिघं खोटे, काटेसुद्धा खोटे. आणि हे सगळं परवडलं असतं. पण तो कागद सरळ बसला होता. गळ्याच्या हाडापासून बरोबर पोटापर्यंत, एक चुणी नाही. एर्विनला स्वतःला कागद लावता येत नाही हो! एकतीस वर्षांत आला नाही. त्याचे हात मोठे, जर्सी घट्ट, तो नेहमी कागदाचा बोळा करतो आणि मग शिव्या घालतो. तो कागद मी लावते. त्या रविवारी तो दुसऱ्या कुणीतरी लावला होता, आणि मन लावून लावला होता.

मी जर्सी यंत्रात टाकली, झाकण लावलं, बटण दाबलं, आणि पाणी फिरायला लागल्यावर लक्षात आलं की एकुलता एक पुरावा आपण आपल्या हाताने धुतला. माझं हे असंच होतं. राग आधी येतो, अक्कल नंतर.

फेब्रुवारीत ट्रामच्या थांब्यावर बर्फावरून घसरून माझं मनगट मोडलं होतं. आधी प्लास्टर, मग काळा पट्टा, मग व्यायाम. जुलैपर्यंत मी सायकलवर बसले नव्हते. एर्विन मात्र दर दोन रविवारांनी निघायचा. मीच हाकलायची, जा रे बाबा, घरात माझ्यासमोर बसून उसासे टाकू नकोस. जाताना तो दारात घुटमळायचा, "तुला एकटं सोडून बरं वाटत नाही," म्हणायचा. मला तेव्हा ते गोड वाटलं होतं. त्या मंगळवारपासून मला ते घुटमळणं आठवलं की अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि लादिना आठवायची. लादिना म्हणजे गायनमंडळातली नवी बाई. एंगादीनची, डोंगरातच जन्मलेली, सत्तेचाळीस वर्षांची आणि पोटरी अशी की मोज्यातूनसुद्धा दिसते. नाताळच्या कार्यक्रमानंतर एर्विन तिच्याशी दहा मिनिटं बोलत उभा होता, हातात वाइनचा ग्लास तिरपा, सांडतोय याकडे लक्ष नाही. मी दुरून बघत होते. एवढ्या आधारावर मी दहा दिवसांत अख्खं बिऱ्हाड उभं केलं. ते दोघं ग्रिम्झेलवर, ती पुढे, तो मागे, मग माथ्यावर ती त्याच्या जर्सीची चेन खाली ओढते आणि हात आत घालते. इथे आलं की मला पुढचं काही दिसायचंच नाही. तेवढंच परत परत दिसायचं.

कारण ते काम मी त्याला शिकवलं होतं. माझे वडील रस्तादुरुस्तीच्या टोळीत होते, रविवारी सायकल. मला आठव्या वर्षी त्यांनी सुस्टेन घाटाच्या माथ्यावर पहिल्यांदा कागद लावला. कागदाच्या उभ्या तीन घड्या, वरचं टोक गळ्याशी, मग तळहात वरून खाली फिरवायचा म्हणजे हवा निघून जाते, आणि शेवटी छातीवर एक चापट. "झालं," म्हणायचे. त्या चापटीशिवाय मला उताराला लागवत नसे. एर्विनशी ओळख झाली तेव्हा तो तिशी ओलांडलेला, मोजमाप खात्यातला नकाशेवाला, सायकल नवी आणि डोकं कोरं. सुस्टेनच्याच माथ्यावर कुडकुडत उभा होता. मी म्हटलं, "अरे, मरशील असा. थांब." आमचं काही ठरलं नव्हतं, हात हातात घेतला नव्हता. आणि मी त्याच्या जर्सीत हात घातला. घामानं ओलं अंग, केस, आणि खाली धाडधाड चाललेलं काळीज. मी चापट मारली. तो म्हणाला, "हे काय?" मी म्हटलं, "झालं." नंतर त्याने कबूल केलं की त्या उतारावर त्याला काहीही दिसलं नाही, दोनदा दरीत जाता जाता वाचला. तेव्हापासून कितीतरी घाट झाले, हजारो मीटर चढलो, कडाक्याची भांडणं झाली, पोर झालं नाही म्हणून रडून झालं, पण वर पोचलं की तो चेन खाली ओढून माझ्यासमोर छाती पुढे काढून मुकाट उभा राहायचा. तो माणूस त्या क्षणी फक्त माझा असायचा. हे असं कुणाला सांगायला लाज वाटते.

तर मी म्हटलं, "शनिवारी ग्रिम्झेल." मुद्दाम ताटावरून मान न उचलता म्हटलं आणि मग एकदम उचलली. एर्विनचा चेहरा उतरला. अगदी स्वच्छ उतरला. "इतक्यात? अगं, तुझं मनगट," तो म्हणाला. "माझं मनगट मी बघेन." "आधी ब्रिएन्झच्या तळ्याकाठी जाऊ की, सपाट आहे." "सपाट मुर्टनला तू जाऊन आलास ना," मी म्हटलं. त्याने बटाट्याचे तुकडे काट्याने चिरडले आणि म्हणाला, "बरं. ग्रिम्झेल तर ग्रिम्झेल." नंतर मी बशा विसळत होते आणि तो गॅलरीत फोनवर काहीतरी बघत होता, बोटाने वर-खाली करत. मी गेले तशी त्याने फोन पालथा ठेवला. काय म्हणायचं याला?

शनिवारी सकाळच्या गाडीत आम्ही समोरासमोर बसलो, सायकली डब्याच्या टोकाला टांगून. आभाळ असं निळं की संशय यावा. दक्षिणेचा गरम वारा सुटला की हे होतं, डोंगर हाताशी आल्यासारखे वाटतात, डोकी दुखतात, आणि दुपारी सगळं कोसळतं. ब्रिएन्झचं तळं खिडकीतून सरकत होतं, हिरवंनिळं, गढूळसं, जणू कुणी रंगाचा कुंचला त्यात धुतला. एर्विन फोन बघत होता. मी विचारलं, "कुणाचा निरोप?" "हवामान बघतोय." "मग काय म्हणतंय हवामान?" "बदलतं," तो म्हणाला, आणि हसला. त्याचं हसणं मला आवडतं, अजून आवडतं, म्हणून आणखीनच चीड आली. तिलाही तो असाच हसून दाखवत असेल. मी त्याच्या हातांकडे बघत बसले, नखं कापलेली, अंगठ्यावर जुना व्रण. या हातांना कागद लावता येत नाही हे माझं किती वर्षांचं भांडवल होतं.

मायरिंगनला उतरलो, बाटल्या भरल्या, निघालो. पहिली टेकडी, मग खाली, मग खरा घाट. गुटानेनपर्यंत आम्ही चाकाला चाक लावून गेलो. मी मागून त्याच्या पाठीकडे बघत होते. पाठीवरून माणूस कळतो असं मला वाटायचं. रस्त्याकडेला नदी दगडांवर आपटत होती, गवताचा वास होता, आणि वरून मधूनमधून पोस्टाच्या प्रवासी बसचा तीन सुरांचा भोंगा ऐकू यायचा, वळणावळणावर वाजवतात तसा. गुटानेनच्या पाण्याच्या दगडी कुंडाशी तो थांबला. "तू पुढे हो," तो म्हणाला, "मी जरा चेन बघतो." "चेनला काय झालंय?" "आवाज येतोय." मला काही आवाज आला नव्हता. मी शंभर पावलं पुढे गेले आणि वळून बघितलं, तर चेनकडे कोण बघतंय, तो फोन बघत होता. मी तिथेच उभी राहिले. तो आला, तोंड लाल, श्वास वर लागलेला, मला बघून दचकला. "गेली नाहीस?" "का, जायला हवं होतं?" मी विचारलं. 

मत्सर करत चढ चढणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पाय आपोआप फिरतात. हांडेकच्या चढावर मी उठून पायडल मारत होते, मनगट ठणकत होतं, आणि मी त्या ठणक्यालाही सांगत होते, ठणक, ठणक. डोळ्यांसमोर लादिनाची पोटरी. लादिना इथे बसली असेल, या कठड्यावर. लादिनाने ही बाटली तोंडाला लावली असेल. बाटली तर माझीच होती, दुसऱ्या रंगाची, पण तेवढं बघायला शुद्ध कुणाला होती? मधेच असंही वाटलं की समजा एर्विन मेला असता तर मी इतकी जळले नसते. मेलेल्या माणसाच्या छातीला कुणी कागद लावत नाही. हा विचार मनात आला आणि मला माझीच किळस आली, तरी मी तो पुरता विचार केलाच. झाडं संपली. उघडे दगड लागले, हिमनदीने घासून गुळगुळीत केलेले, हत्तीच्या पाठीसारखे. निळं आभाळ कधी गेलं कळलं नाही. डोंगरांवरून ढग उतरायला लागले होते आणि वारा एकदम फिरून समोरून यायला लागला, गार.

पहिल्या तळ्याशी, धरणाच्या भिंतीजवळ, मी थांबले. पाणी राखाडी, वाऱ्याने त्याच्यावर काटा आलेला. मी गोड जर्दाळू खाल्ले, जाकीट घातलं, पाणी प्यायले, आणि मग कुठे एर्विन वळणावर दिसला. इतका हळू की सायकल पडत कशी नाही याचं नवल. पूर्वी तो इतका मागे राहत नसे. मी हातभर पुढे असायची, फार तर. मला वाटलं, मुद्दाम करतोय. मला पुढे काढायचंय याला. तो जवळ आला, एक पाय टेकला, हँडलवर दोन्ही कोपरं टेकून मान खाली घातली. घामाचे थेंब डांबरावर पडत होते.

"लादिना तर हे एका दमात चढली असती, नाही का?" मी म्हटलं. आता तोंडातून गेलंच होतं. त्याने मान वर केली. "कोण लादिना?" "वा! कोण लादिना!" "आपली गायनातली? आल्टोत गाणारी?" तो खरंच गोंधळलेला दिसत होता, आणि मला वाटलं, काय नट आहे हा, एकतीस वर्षं मला पत्ता नाही. "तिला सायकल येते?" "ते तू सांग," मी म्हटलं, "मुर्टनचा मासा सांगितलास, तसं." आता मात्र त्याला कळलं. म्हणजे काहीतरी कळलं. तोंडावरचा लाल रंग आधी पांढरा झाला, मग पुन्हा लाल. "मार्लिस," तो म्हणाला, "वर गेल्यावर सांगतो. सगळं सांगतो. तू पुढे हो." पुन्हा तेच! तू पुढे हो, तू पुढे हो! "होतेच की," मी म्हटलं, "मला कुणाची वाट बघायची सवय लावून घ्यायची नाहीये." आणि उडी मारून सायकलवर बसले. मागून त्याने हाक मारली, काहीतरी पावसाचं म्हणाला. मी ऐकलं नाही.

दुसऱ्या तळ्याच्या वर गारा लागल्या. आधी हेल्मेटवर टकटक, मग रस्ता पांढरा. कठड्याच्या आडोशाला दोन मोटारसायकलवाले दबून बसले होते, त्यांनी मला हात केला, "अगं ये, थांब इथे!" म्हणाले. दोन हजार मीटरच्या वर आमच्याकडे सगळे एकमेकांना अरे-तुरे करतात, खाली आलं की पुन्हा अहो-जाहो. मी थांबले नाही. गारा गालांवर लागत होत्या आणि मला बरं वाटत होतं. आपण रडतोय की नाही हे आपल्यालाही कळू नये, इतकं पाणी तोंडावर. मग गारा संपल्या, पाऊस आला, मग धुकं. माथ्यावरचं तिसरं तळं मला दिसलंच नाही, त्याचा वास आला, ओल्या दगडाचा. त्याला मेलेल्यांचं तळं म्हणतात. जुन्या लढाईतली मढी त्यात टाकली, अशी गोष्ट आहे. धुक्यातून खानावळीची लाल पाटी पुढे आली आणि मी सायकल भिंतीला टेकवली. हात इतके बधिरले होते की हेल्मेटचा पट्टा दातांनी सोडवायचा विचार केला.

आत चार टेबलं, शेगडी, आणि एकच बाई. पन्नाशीची, रुंद, केस कापलेले, बाह्या कोपरापर्यंत चढवलेल्या. भिंतीवर मालकिणीच्या नावाची पाटी होती, इमहास्ली. तिने काही न विचारता टॉवेल आणि दुधाची कॉफी आणून दिली. "एकटीच?" "नवरा येतोय मागून." "यात?" ती खिडकीबाहेर बघून म्हणाली. मी खांदे उडवले. दाराशी लाकडी पेटीत जुनी वर्तमानपत्रं रचून ठेवली होती, सायकलवाल्यांसाठी. सगळ्यात वरच्या कागदावर गोम्स खोऱ्याचंच नाव. मी त्याच्याकडे बघत राहिले. कॉफी संपली, दुसरी मागवली. अर्धा तास झाला. रागाला आता भीतीचं ठिगळ लागलं होतं, आणि मला ते नको होतं, मला नुसता राग हवा होता.

"कागद हवाय का?" इमहास्ली बाईने विचारलं. "मला लावता येतो," मी म्हटलं. ती हसली. "बायकांना येतो. एकेक पुरुष येतात, त्यांना काही म्हणजे काही येत नाही. या उन्हाळ्यात एक तीनदा आला. कागदाचा नुसता बोळा करत होता इथे उभा राहून. शेवटी मीच लावला."

"मोठ्या हातांचा?" मी विचारलं. "फावड्यासारखे," ती म्हणाली. "बरोबर बाई होती?" माझा आवाज मलाच परका वाटला. "बाई?" ती टेबल पुसता पुसता थांबली. "बाई कसली! सायकल होती, बसच्या मागे टांगलेली." ती सांगत गेली. "पहिल्यांदा गुटानेनपर्यंतच चढवलं त्याला, तिथून बसने आला. दुसऱ्यांदा हांडेकला बस धरली. मागच्या वेळी पहिल्या तळ्यापर्यंत. इथे बसून हिशोब करायचा, आणखी किती रविवार उरलेत म्हणून. बायको बरी व्हायच्या आत पुरा चढायचंय म्हणाला. पाय गेलेत माझे, पण तिला कळता कामा नये. ती आयुष्यभर वर उभी राहून माझी वाट बघेल आणि मग एक दिवस कंटाळेल, म्हणाला. मी म्हटलं, अरे, सांगून टाक की. तर नाही. मग मी कागद लावला. तर म्हणतो, शेवटी एक चापट मारायची असते. मारली मी. तर तोंड कसनुसं करून म्हणतो, अशी नाही."

शेगडीत लाकूड फुटलं. मी काळ्या पट्ट्यातलं मनगट टेबलाखाली घ्यायला गेले, पण तिची नजर आधीच त्याच्यावर पडली होती. ती बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "मनगट कसं आहे आता?" तिने विचारलं. इतकंच. मी म्हटलं, "बरं आहे." लादिना विरघळून गेली होती, पोटरीसकट. पण मत्सर गेला नाही, हे मी खरं सांगते. तो फक्त उठून दुसऱ्या खुर्चीवर बसला. या अनोळखी बाईला त्याने सांगितलं होतं. दोन कॉफ्यांच्या ओळखीवर तिच्यासमोर तो, पाय गेले माझे, असं म्हणू शकला. मला मात्र मासा आणि काटे. आणि मी आज त्याला पहिल्या तळ्यापाशी काय बोलून आले होते! तो हँडलवर वाकलेला, डांबरावर पडणारे ते थेंब. मी उठायला लागले, खाली जाते म्हणून, तेवढ्यात धुक्यातून तीन सुरांचा भोंगा आला.

मी खिडकीशी गेले. धुकं जरा फाटलं होतं, पाऊस चालूच. पिवळी बस तळ्याच्या अलीकडच्या वळणावर थांबली. तिथे थांबा नाही. पोस्टाची बस आमच्याकडे थांबा सोडून थांबत नाही, म्हातारी आडवी आली तरी चालक घड्याळ दाखवतो. ती थांबली. मागचं दार बाजूला झालं आणि एर्विन उतरला. त्याने सायकल काढली, चालकाला हात केला, आणि बस वर निघून आली, खानावळीसमोर थांबली, कुणीच उतरलं नाही. तो वळणावर तसाच उभा. मला वाटलं, आता बसेल. नाही. त्याने जाकिटाची चेन पूर्ण खाली ओढली. हेल्मेट काढलं. मान मागे टाकून पावसात तोंड धरून उभा राहिला, डोळे मिटून, बासष्ट वर्षांचा माणूस. एवढ्याने भागेना, तेव्हा खाली वाकून कडेच्या नाल्यातलं पाणी ओंजळीत घेतलं आणि मानेवर ओतलं. पुन्हा ओतलं. मग पायांवर रस्त्यावरचा चिखल चोळला.

दार उघडून धावत जावं, एर्विन, असं ओरडावं, दोन थोबाडीत द्याव्यात, असं सगळं एकदम वाटलं. वर गेल्यावर सांगतो म्हणाला होता. पण माणूस जे सांगायला निघाला आहे तेच झाकायला नाल्याचं पाणी डोक्यावर ओततो, तर त्याला अजून किती लाज वाटत असेल! मी खिडकीकडे पाठ केली आणि खुर्ची फिरवून बसले. इमहास्ली बाईने माझ्यासमोरचे दोन्ही रिकामे कप उचलले, सांडलेली साखर पुसली, आणि काठोकाठ भरलेला, वाफा येणारा नवा कप माझ्यापुढे ठेवला. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही.

दार उघडलं. गार हवा आत आली. "पोचलो बाबा!" एर्विन म्हणाला. धापा टाकत होता, जरा जास्तच. केसांतून पाणी गळत होतं. "तू कधीची आलीयस?"

"ही काय, आत्ताच," मी म्हटलं. "कॉफीला तोंडसुद्धा लावलं नाहीये."

त्याने कपाकडे बघितलं. खांदे हळूच खाली आले. मग खुर्ची ओढली, बसला, पुन्हा उठला. "मार्लिस, ते मुर्टनचं," तो म्हणाला. "ते जाऊ दे," मी म्हटलं. "ते मला घरी सांग. आता उताराचं बघ. गारठशील." मी पेटीतला वरचाच कागद घेतला, उभ्या तीन घड्या घातल्या. तो सवयीने माझ्यासमोर येऊन छाती पुढे काढून उभा राहिला. मी हात आत घातला. जर्सी वरून चिंब, पण खालचं बनियन कोरडं होतं, शेगडीजवळ बसलेल्या माणसाचं असावं तसं ऊनऊन. काळीज संथ चाललं होतं. एकतीस वर्षांत माथ्यावर मी ते कधी इतकं संथ ऐकलं नव्हतं. तळहात वरून खाली फिरवला, जरा हळू. त्याने श्वास रोखला होता.

"केवढा घाम आलाय," मी म्हटलं.

"शेवटची वळणं जीव घेतात गं."

"घेतात खरी." मी चापट मारली. "झालं."

त्याचा चेहरा सुटला. आणि विसरलाच तो, कुठे आहोत, काय लपवायचंय. माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून म्हणाला, "बघितलंस? अशी."

काउंटरमागे बशी खणकली. एर्विनचे कान लाल झाले. मी काहीच न ऐकल्यासारखं केलं. मला तर सगळं ऐकू आलं होतं, आणि त्या बाईशी त्याने अरे-तुरे केलेलं माझ्या छातीत आजही टोचतं, पण मी त्याच्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत वर ओढली, नीट, शेवटच्या दातापर्यंत. बाहेर पाऊस थांबत आला होता. खाली गोम्सच्या बाजूला ढगाला भोक पडलं होतं आणि कुठल्यातरी गावाच्या छपरांवर ऊन होतं. आम्ही सायकली भिंतीवरून सोडवल्या. तो नेहमीसारखा माझी वाट बघत एका पायावर उभा राहिला, मी निघेन म्हणून.

"तू पुढे हो," मी म्हटलं. "मी येते मागून."